रैनू पोटाचं बोललाच नव्हता

साहेब,

कोर्टाच्या बार रूममध्ये तुमची शोकसभा झाली. फोटोला हार घातला, दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग एकेक जण बोलला. कर्तव्यदक्ष होते. मितभाषी होते. अकाली गेले. वकील, तहसीलदार, सभापती, सगळ्यांनी 'दुर्दैवी घटना' म्हटलं. तुम्हाला मारलं, असं एकही जण म्हणाला नाही. जसे काही तुम्ही कावीळ होऊन गेलात. ठाणेदार पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मी शेवटच्या बाकावर, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. मला कुणी बोलायला सांगितलं नाही.

आणि मितभाषी? तुम्ही? तुम्ही चिडलात की बसस्टँडवरचे लोक चहा सोडून कोर्टाकडे बघायचे.

उद्या चाळिसावा दिवस. आमच्यात तो पाळतात, तुमच्या बौद्ध घरात नाही, हे मला माहीत आहे. तरी रशीदाने घरी फातेहा ठेवला आहे. ती म्हणते, "साहेबानं आपल्या घरचं मीठ खाल्लं, मंग आपला मानूस नाई काय?" म्हणून आज लिहायला बसलो. डाव्या हाताने लिहितो आहे. तुम्ही माझ्या अक्षराची तारीफ करायचात. हे अक्षर पाहून हसला असतात.

तुम्ही मॅजिस्ट्रेट म्हणून आलात तेव्हा जिल्हा नवा होता आणि आपलं कोर्ट जंगल खात्याच्या जुन्या गोदामात भरत होतं. मी तिथला बाबू, आणि दुभाषाही मीच. माझा बाप सिरोंच्याहून निघून बाजारोबाजारी बांगड्या विकायचा, मी त्याच्या मागे मागे. गोंडी आणि तेलुगू मला शाळेत जायच्या आधी आली. आरोपी गोंडीत बोलला की मी मराठीत सांगायचो आणि मॅजिस्ट्रेट ते लिहून घ्यायचे. माझ्या तोंडून जे निघेल तेच रेकॉर्ड. याचा अर्थ काय होतो, याचा मी इतक्या वर्षांत कधी विचार केला नव्हता.

ठाणेदाराने तुम्हाला आणायला जीप पाठवली होती. तुम्ही ट्रंक स्वतः खांद्यावर घेतलीत आणि ड्रायव्हरला म्हणालात, "साहेबाले धन्यवाद सांगा, मी पायी येतो." संध्याकाळी मी तुम्हाला समजवायला आलो.

"साहेब, इथी कोर्टाले गाडी नाई, क्वार्टर नाई. पानी बी ठाण्याच्या टाकीतून येते. त्याईले नाई म्हनून कसं जमन?"

"हनीफभाऊ, उद्या त्याच जीपमदून आरोपी येईन. ज्या जीपमदून मी उतरलो, त्याच जीपमदून तो उतरन. त्याले काय वाटन?"

"त्याले काय वाटते, हे कोन पुसते?"

"मी पुसतो. त्याच्यासाठीच पगार भेटते मले."

मला वाटलं, नवीन आहे, पावसाळा गेला की सरळ होईल. तुम्ही बल्लारपूरच्या कागद कारखान्यातल्या मजुराचं पोर. वडिलांची दोन बोटं बांबू कापायच्या मशीनने नेली. तुमच्याजवळ घटनेची प्रत होती, तिला वडिलांनी कारखान्यातल्या जाड खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, हे कलम तुम्ही मला वाचून दाखवायचात. "चोवीस, हनीफभाऊ. पंचवीस नाई." मी म्हणायचो, कायदा वैनगंगेच्या पुलापर्यंत येते, पुढं त्याची गाडी पंक्चर होते. तुम्ही म्हणायचात, पंक्चर काढाले आपल्याले पाठवलं न बाप्पा. हा वाद आपला कधी मिटला नाही.

मग रैनूला आणलं.

एकोणीस-वीस वर्षांचा माडिया पोरगा. जंगलातल्या नक्षल्यांच्या दलमला तांदूळ पोचवला, असा आरोप. कागदावर अटक कालची. तो दारात दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. उभा म्हणजे, त्यांनी धरून ठेवलेला. तुमचं टेबल दूर, मध्ये वकिलांच्या खुर्च्या. तुम्हाला त्याचे पाय दिसत नव्हते. मला दिसत होते.

"पोलिसांच्या विरुद्ध काही तक्रार आहे का, विचारा," तुम्ही म्हणालात.

मी विचारलं. तो माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलला. मला बाजारातून धरलं त्याला पाच दिवस झाले. हात बांधून छपराच्या लाकडाला टांगलं. तळपायांवर मारलं आणि मग त्याच पायांवर नाचायला लावलं. लघवीतून रक्त जातं आहे. परत यांच्याकडे पाठवलं तर मी मरेन, हे त्या बसलेल्या माणसाला सांग.

ठाणेदार माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होता. त्याला गोंडी येत नव्हती. यायची गरजही नव्हती. त्याच आठवड्यात त्याने माझ्या धाकट्या भावाला किराणा दुकानातून उचलून दिवसभर ठाण्यात उकिडवं बसवलं होतं. सोडताना दोन थपडा मारून म्हणाला होता, "भाऊ कोर्टात आहे म्हनून जाय. त्याले सांगजो, ध्यान ठेव म्हना."

मी म्हणालो, "साहेब, पोटात दुखते म्हनते."

तुम्ही लिहिलंत: पोटदुखीची तक्रार, औषधोपचार करावा, सात दिवस पोलीस कोठडी. खाली सही केलीत. रैनू माझ्याकडे बघत होता. आपण एवढं सांगितलं आणि याच्या तोंडून एवढंसंच कसं निघालं, हे त्याला कळेना. मग त्याला ओढत नेलं.

तिसऱ्या दिवशी तो मेला. ठाण्याच्या विहिरीत उडी घेतली, असं त्यांनी लिहिलं. चौकशी तहसीलदाराकडे गेली, कारण रीतच तशी. मी म्हणालो, साहेब, हे आपल्याकडे येत नाई. तुम्ही म्हणालात, "चौकशी माझी नाई. सही तं माझी होती ना?" आणि सायकल काढून दवाखान्यात गेलात. मी मागे.

सिमेंटच्या ओट्यावर तो पडला होता. तळपाय उकललेले, काळे पडलेले. मनगटांवर दोराने कातडं सोलून हाड उघडं पडलेलं. पोट मात्र सपाट. बुडून मेलेल्या माणसाचं पोट तसं नसतं, हे आपण दोघंही जाणत होतो. तुम्ही त्याच्या पायांपाशी वाकून बराच वेळ बघितलंत. बाहेर आलात आणि भिंतीला धरून ओकलात. तोंड पुसून मला विचारलंत:

"हनीफभाऊ, तो खरंच पोटाचं बोलला होता?"

"हो साहेब."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग चूक माझीच आहे. मी खुर्चीतून उठून पाह्याले पाह्यजे होतं."

ठाणेदाराच्या थपडा माझ्या भावाला बसल्या होत्या. ही मला बसली.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बदललात. आरोपी थेट टेबलापाशी येऊ लागला. पोलिसांना बाहेर काढून दार लावायचं, शर्ट काढायला लावायचा, तुम्ही स्वतः उठून पाठ बघायची, तळवे बघायचे, बघितलेलं आपल्या हाताने लिहायचं. एकदा एका म्हाताऱ्याच्या पाठीवर पट्ट्याच्या बकलाचा शिक्का उठलेला सापडला, तर ठाणेदाराला तुम्ही दुपारभर कोर्टात उभं ठेवलंत. बसू दिलं नाही, पाणी विचारलं नाही. तेव्हा मी भांडलो तुमच्याशी. म्हणालो, हा न्याय नाई, हा राग आहे. तुम्ही म्हणालात, "हो, राग आहे. न्यायाधीशाले राग येऊ नाई म्हनते. मले येते, काय करू?" साहेब, ते तुमचं चुकलंच होतं. मी आजही तेच म्हणेन. त्या दुपारी त्याच्या तोंडावर जे होतं ते तुम्ही बघितलं नाहीत, तुम्ही खाली मान घालून लिहीत होतात.

आणि तुम्ही गोंडी शिकायला लागलात. माझ्याच ओसरीवर, रशीदाचा चहा घेत. येर म्हणजे पाणी, इथून सुरुवात. मग तुम्हाला हवी होती ती वाक्यं: कधी धरलं, कुणी मारलं, कुठं दुखतं. तुमचे उच्चार ऐकून माझ्या पोरी पदरात तोंड घालून हसायच्या, तुम्हीही हसायचात. मी मन लावून शिकवलं. मला वाटायचं, हा माणूस एकदा गोंडी शिकला की मी सुटलो. मग कुणी माझ्या जिभेवर अवलंबून राहणार नाही.

टाकीचं पाणी बंद झालं. तुम्ही चौकातल्या हातपंपावर बादली घेऊन उभे राहू लागलात. घरावर दगड पडले. सायकलचे टायर दोनदा कापले. भिंतीवर डांबराने लिहिलं, 'नक्षल्यांचा मॅजिस्ट्रेट'. त्याच महिन्यात जंगलातूनही चिठ्ठी आली, लाल शाईची: तुझं कोर्ट सावकारांचं आहे, जनतेचं कोर्ट आमचं. मी घाबरलो. म्हणालो, "साहेब, इथी दोन सरकारं आहेत. एक खाकी, एक जंगलातलं. तुमी कोनते?"

"मी सरकार नाई, हनीफभाऊ. मी कोर्ट हो. दोघाईलेही पुसनारा."

मडावी हवालदाराला मारलं ते बाजाराच्या दिवशी. तोच आपल्याकडे ठाण्याचे कागद आणायचा, स्वतः गोंड, कधी कुणावर हात उचलला नाही. दलमच्या लोकांनी त्याला भाजीच्या दुकानांमध्ये गाठून कुऱ्हाडीने तोडला. खाटेवर घालून आणला तेव्हा चेहऱ्याची एक बाजू उरली नव्हती, आणि वांग्यांची पिशवी अजून मनगटात अडकलेली होती. तुम्ही कामकाज थांबवून रस्त्यावर आलात आणि खाट जाईपर्यंत उन्हात उभे राहिलात. मग त्याच्या घरी गेलात. त्याची बायको जमिनीवर डोकं आपटत होती, तिला चार बायांनी धरलं होतं. तिथेच ठाणेदार तुम्हाला म्हणाला, "आता तरी माझ्या कागदावर सही कराल ना?"

"मडावी माझाही होता," तुम्ही म्हणालात. "पन सही वाचूनच होईन."

तीन दिवसांनी मैनीला आणलं. रैनूची धाकटी बहीण, अठराची असेल नसेल. मडावी बाजारात येणार ही खबर तिनेच दलमला दिली, असा आरोप. तुम्ही पोलिसांना बाहेर काढलंत, ठाण्यातली बाई शिपाई तेवढी राहू दिलीत. मग माझ्याकडे न बघता स्वतःच मैनीला गोंडीत विचारलंत, कुणी मारलं. ती तुमच्याकडे बघतच राहिली. मग तिने डावा हात पुढे केला. चार बोटांना नखं नव्हती.

ती भराभर बोलू लागली. अर्धं तुम्हाला समजत होतं. एका ठिकाणी तुम्ही अडलात आणि मान वळवून माझ्याकडे बघितलंत. दाराच्या फटीतून ठाणेदाराचे बूट दिसत होते. साहेब, त्या वेळी मी सांगितलं. सगळं सांगितलं, तिच्याच शब्दांत, दाराबाहेर जाईल एवढ्या आवाजात. बोलून झाल्यावर तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि लिहायला लागलात.

पोलीस कोठडी नाकारली. तिला न्यायालयीन कोठडीत चंद्रपूरच्या जेलात पाठवावं, तिथल्या सरकारी डॉक्टरने आजच तपासावं. दोनच्या एसटीत तिला बसवलंत, सोबत कोर्टाचा शिपाई दिलात, बस हलेपर्यंत स्वतः स्टँडवर थांबलात. परत येऊन नागपूरला हायकोर्टाच्या नावाने पत्र लिहिलंत: रैनूचं मरण, मैनीची नखं, म्हाताऱ्याची पाठ, तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं सगळं. पोस्ट बंद व्हायच्या आत रजिस्टर करायचं म्हणून आपण दोघं निघालो. वाटेत मी ठरवलं होतं, पोस्टातून परतताना तुम्हाला रैनूचं खरं सांगायचं. शब्दही जुळवले होते.

शाळेच्या कुंपणापाशी नंबर नसलेली जीप आडवी आली. चौघं उतरले. तोंडांना दुपट्टे, अंगात साधे कपडे, पायात मात्र पोलिसांचे बूट. पहिली लाठी तुमच्या कानावर बसली. दुसरी मी हाताने अडवली आणि हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. तुम्ही गुडघ्यावर पडलात. तिथूनच पिशवी माझ्याकडे फेकलीत आणि ओरडलात, "हनीफभाऊ, पोस्ट!"

मी पळालो. मागे लाठ्यांचे आवाज येत होते, ओल्या गोणीवर मारावं तसे. तुमचा आवाज आधी येत होता, मग येईना. मी पत्रासाठी पळालो की जिवासाठी, हे चाळीस दिवसांत मला ठरवता आलेलं नाही. पोस्टमास्तर खिडकी ओढत होते. माझ्या हाताकडे बघून त्यांनी ती परत उघडली. पाकिटावरचं रक्त पुसलं, शिक्का मारला, पावती माझ्या खिशात घातली आणि माझ्यासोबत धावत आले.

तुम्ही उताणे पडला होतात. खालचा जबडा एका बाजूला सरकलेला, कानातून रक्त. श्वास चालू होता. दवाखान्याच्या गाडीत डिझेल नव्हतं. ठाणेदार दहा मिनिटांत आला, अगदी इस्त्रीच्या वर्दीत, आणि म्हणाला, "माझी जीप घ्या." मी नाही म्हणालो. तुम्ही त्या जीपमध्ये बसला नसतात म्हणून नाही म्हणालो. जीपने आपण चंद्रपूरच्या दवाखान्यात तासभर आधी पोचलो असतो. साहेब, माझं चुकलं का? तुम्ही शुद्धीवर असता तर विचारलं असतं.

बांबूचा ट्रक थांबवला. तो बल्लारपूरच्या कारखान्यालाच चालला होता. कॅबिनमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर. खड्डा आला की तुमच्या घशातून आवाज यायचा. एकदा डोळे उघडून म्हणालात, "बाबाची दुसरी पाळी असन आज." मी म्हणालो, हो साहेब. गोंडपिंपरीच्या पुढे, दिवेलागणीला, माझी मांडी एकदम जड झाली. ड्रायव्हरने गाडी हळू केली.

कारखान्याच्या गेटवर तुमच्या वडिलांना बोलावलं. ते मशीनवरून तसेच आले, अंगावर बांबूचा भुसा. त्या तीन बोटांच्या हाताने तुमचा जबडा सरळ करायला गेले, तो राहिला नाही. मला विचारलं, "मारला काय?"

"हो."

"कायच्यासाठी?"

"सहीसाठी, बाबा. करत नव्हते म्हनून."

त्यांनी मान हलवली. "लहानपनापासून तसाच हो तो," म्हणाले आणि ट्रकच्या पायरीवर बसले.

ठाण्याने लिहिलं, दलमचं कृत्य. पण तुमचं पत्र पोचलं होतं. हायकोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानलं आणि चौकशीला एक न्यायाधीश पाठवले. त्यांनी माझी जबानी घेतली. मी बुटांचं सांगितलं, जीपचं सांगितलं. मग म्हणालो, साहेब, हे इथून सुरू होत नाही, आणि रैनूपासून सांगायला लागलो. रैनू बोलला ते आधी गोंडीत म्हटलं, मग मराठीत, काही न गाळता. त्यांनी पेन खाली ठेवला.

"तुम्ही शपथ घेतलेले दुभाषी होता. हे लिहून घेतलं तर कारवाई तुमच्यावरही होईल. समजतं ना?"

"समजते साहेब. लिहा."

निलंबनाचा कागद परवा आला. ठाणेदार अजून ठाण्यातच आहे. भावाने दुकान बंद करून पोरं सासुरवाडीला पाठवली, माझ्याशी बोलत नाही. मैनीला जामीन मिळाला. हे सगळं तुम्हाला सांगायचं होतं. आणि तुम्ही दवाखान्याच्या भिंतीपाशी जे विचारलं होतंत, त्याचं उत्तर तुम्ही जिवंत असताना द्यायला हवं होतं, हेही.

काल मी रैनूच्या गावी गेलो. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगायचं म्हणून. त्याची आई अंगणात धान कांडत होती, मैनी डाव्या हाताला फडकं बांधून भिंतीशी बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. तो काय बोलला, मी काय सांगितलं, तुम्ही काय लिहिलंत. ती कांडत राहिली. माझं बोलणं संपलं तेव्हा तिने मुसळ भिंतीला टेकवलं आणि विचारलं, "तू खरं सांगितलं असतंस, तर त्या साहेबाने माझ्या पोराला परत त्यांच्या हाती दिलं असतं?"

मैनीने मान वर केली. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "नाही. दिलं नसतं."